दुपारी एकची भाकरी रात्री कुठे असते? जेवणाच्या पचनाचा घड्याळ लावून मांडलेला हिशेब

मेडिकलच्या काउंटरवर दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "ओ भाऊ, गॅसची एक गोळी द्या की." छातीत जळजळतंय, बेंबीभोवती कळ येतेय, पोट गच्च झालंय, तीन दिवस संडास नाही, उजव्या कुशीत दुखतंय, सगळ्याला नाव एकच. गॅस. नाहीतर मग पित्त. सांगलीत विश्रामबागेत काय आणि मिरजेत काय, यात फरक नाही. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : "जेवलात किती वाजता आणि त्रास सुरू झाला किती वाजता?" गिऱ्हाईक वैतागतं, कारण त्याला गोळी हवी असते, चौकशी नको असते. पण या दोन वेळांमधलं अंतर कळलं की जेवण त्या घडीला पोटात कुठल्या टप्प्यावर असेल याचा अंदाज येतो आणि निम्मा गुंता तिथंच सुटतो.

तेव्हा एक ताट घेऊ आणि घड्याळ लावून त्याच्या मागे जाऊ. दुपारचा एक वाजलाय. ताटात शाळूची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगतेलातली वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा आणि वाटीभर दही. खाली दिलेल्या वेळा धडधाकट मोठ्या माणसाच्या आणि सरासरी आहेत. तुमचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढंमागं असू शकतं, काहींचं त्याहून जास्त.

पायरी पहिली, दुपारी १ : तोंड

पचन पोटात सुरू होत नाही. खरं तर तोंडातही नाही. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, तिचा वास आला की लाळ सुटते आणि जठरात आम्लही पाझरायला लागतं. रशियाच्या इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या याच अभ्यासाबद्दल. म्हणून मोबाइल बघत, ताटाकडे लक्ष न देता जेवू नका, हा आजीचा नियम मी तरी मानतो.

दिवसाला सुमारे एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. भाकरीतलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. अमायलेज त्या तोडायला लागतं. हे घरी पाहायचं असेल तर दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा. कोरड्या भाकरीचा एक घास घ्या, कालवण न लावता, आणि न गिळता मिनिटभर चावत राहा. शेवटी शेवटी किंचित गोडसर चव लागते. ती माल्टोज या साखरेची.

दुसरा मार्ग डोळ्यांनी दिसतो, मुलांना फार आवडतो. तांदळाची अगदी पातळ पेज गाळून दोन वाट्यांत चमचा-चमचाभर घ्या आणि कोमट होऊ द्या. एका वाटीत थोडी लाळ टाका, ढवळा, पंधरा मिनिटं थांबा. मग दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब टाका. साधी पेज निळी-काळी होते. लाळ घातलेलीचा रंग फिका राहतो, कारण तिच्यातलं पिष्ट तुटलेलं असतं. रंग तितकाच गडद आला तर पेज जाड झाली आहे. पाणी घालून पुन्हा करा. प्रयोग झाल्यावर दोन्ही वाट्या मोरीत ओतायच्या, चाखायच्या नाहीत.

प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा असं सांगतात. तो आकडा दातांवरून आलेला दिसतो, पचनावरून नाही. दहीभाताला तेवढं चावायला काही नसतं आणि बाजरीच्या कडक भाकरीला बत्तीसही कमी पडतील. घासात गुठळी जाणवेनाशी झाली की गिळायचं, एवढंच पुरे. पण जेवण पाच मिनिटांत उरकू नका. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाईत जेवणारा तोवर एक भाकरी जास्त खाऊन बसतो आणि घासाबरोबर हवाही गिळतो. जेवणानंतर लगेच येणारे ढेकर बहुतेक याच हवेचे किंवा सोडा पेयाचे. उसळीचा त्यात दोष नाही, तिची पाळी रात्री येते.

पायरी दुसरी, पुढचे दहा सेकंद : अन्ननलिका

गिळलं की घास सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून खाली जातो. नुसता पडत नाही, स्नायू त्याला लाटेनं ढकलतात. म्हणून आडवं पडूनही पाणी गिळता येतं. खाली जठराच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं आहे. ते घास आला की उघडतं आणि मागे आवळतं. नीट आवळलं नाही की आम्ल वर येतं आणि छातीच्या मध्यभागी जळतं. याचा उपाय पुढच्या पायरीत आहे, कारण ढिलाई कड्याची असली तरी वर येतं ते जठरातलं. एक मात्र इथंच सांगतो. भाकरी-भात घशाखाली अडकल्यासारखा वाटतो, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागतो आणि हे महिनाभरात वाढत चाललंय, तर कुठलीही गोळी मागू नका. दुर्बिणीची तपासणी लागते.

पायरी तिसरी, दुपारी १ ते संध्याकाळी ५ : जठर

जठर ही सगळ्यात जास्त बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त गैरसमजाची जागा. सगळं पचन इथंच होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जठराचं मुख्य काम साठवणं, घुसळणं आणि थोडं थोडं पुढे सोडणं.

भरलेल्या जठरात एक-दीड लिटर मावतं. आतलं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलंच तीव्र, सामू (पीएच) दीड ते साडेतीनच्या दरम्यान. ते अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारतं आणि पेप्सिन या विकराला कामाला लावतं. पेप्सिन मटकीतली, दह्यातली प्रथिनं तोडायला घेतं. भाकरीचं पिष्ट मात्र इथं फारसं पुढं सरकत नाही. आम्ल घासात मुरलं की लाळेचं अमायलेज निकामी होतं. जठराची स्वतःची भिंत या आम्लात का जळत नाही? तिच्यावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात अल्कधर्मी बायकार्बोनेट असतं आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात.

ताट रिकामं व्हायला किती वेळ? पाणी, ताक, चहा लवकर पुढे जातात. भाकरी-भाजीच्या जेवणाला तीन-चार तास लागतात. तेल-तूप जितकं जास्त तितका मुक्काम लांबतो, कारण चरबी लहान आतड्यात पोचली की तिथून "हळू सोड" असा संदेश जठराला जातो. रात्री अकरा वाजता तर्रीदार मटण खाऊन साडेअकराला अंथरुणावर पडणाऱ्याचं जठर पहाटेपर्यंत भरलेलं असतं. मग पहाटे दोनला जळजळीनं जाग येते आणि सकाळी माझ्या दुकानाचं शटर वाजतं.

यावर गोळीच्या आधी करायच्या गोष्टी आहेत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. डाव्या कुशीवर झोपा, त्या स्थितीत जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. पोटावर घट्ट नाडी-पट्टा नको. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही. तंबाखू आणि दारू हे कडं ढिलं करतात, हेही ओघानं आलंच.

जेवताना पाणी प्यायलं की आम्ल पातळ होऊन पचन बिघडतं, ही भीती सोडा. जठर गरजेप्रमाणे आम्ल सोडत राहतं. तांब्याभर पाणी गटागटा पिऊन पोट तुडुंब केलंत तर जड वाटेल, इतकंच.

आता फेसाळणाऱ्या पावडरीबद्दल, कारण ती विकताना मला दरवेळी गंमत वाटते. ग्लासात टाकली की फसफसते, माणूस पितो, मोठा ढेकर देतो आणि म्हणतो, "बघा, गॅस निघाला." तो गॅस बहुतांशी त्या पावडरीनंच तयार केलेला असतो. खाण्याचा सोडा आणि आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड होतो, बाटलीत होतो तसा पोटातही. आम्ल थोडा वेळ मारलं जातं हे खरं, आराम पडतो हेही खरं. पण तिच्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णानं ती रोजची सवय करू नये.

आणि खर्डा? मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटतं, त्यामुळे काही भाजलेलं नसताना भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये मिरचीच्याच मदतीनं शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून खर्डा झोंबल्यावर पाणी पिऊन उपयोग नाही. दही किंवा दूध घ्या. आपल्या ताटात खर्ड्याशेजारी दही असतं ते काही उगाच नाही. असेच ग्राहक पचनमार्गाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत. जास्त तिखटाचा सकाळचा हिशेब त्यांच्यामुळेच चुकता होतो.

पण मिरचीनं अल्सर होतो हे खरं नाही. ज्याला आधीच आहे त्याला ती झोंबेल. अल्सरची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. या जंतूवर कुणी विश्वास ठेवेना म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. दुसरं कारण आपल्या भागात रोज दिसतं. ऊसतोडीनं, भांगलणीनं अंग आंबतं आणि लोक रोज अंगदुखीची गोळी घेतात. बरेच जण म्हणतात, "जेवून घेतो, मग काय होतंय?" जेवून घेतल्यानं मळमळ कमी होते, धोका संपत नाही. ही गोळी रक्तातून जाऊनही जठराचं संरक्षण करणारी द्रव्यं कमी करते.

पित्ताच्या ज्या कॅप्सूल सकाळी अनशापोटी घ्यायला सांगतात, त्या खरोखर जेवणाआधी अर्धा तास घ्या. आम्लाचे पंप जेवणानं चालू होतात, त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून घेतली तर निम्मा उपयोग वाया. आणि डॉक्टरांनी महिनाभर सांगितल्या असतील तर त्या वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. आम्ल कमी राहिलं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं.

पायरी चौथी, दुपारी ३ ते रात्री १० : लहान आतडं

खरं पचन इथं होतं. जठरातून दोन-चार मिलिलिटरचे फवारे एकेक करून पुढे येत राहतात, त्यामुळे तीन वाजता ताटाचा काही भाग जठरात तर काही लहान आतड्यात असतो. पहिला पंचवीस सेंटिमीटरचा भाग म्हणजे आद्यांत्र. इथं स्वादुपिंडाचा रस येतो, दिवसाला दीडेक लिटर. त्यातलं बायकार्बोनेट आधी आम्ल मारतं, मग अमायलेज भाकरीचं उरलेलं पिष्ट तोडतं, ट्रिप्सिन प्रथिनं आणि लायपेज तेल.

तेलाची एक अडचण असते, ते पाण्यात मिसळत नाही. इथं यकृतातलं पित्त लागतं. तेलकट रश्श्याच्या पातेल्यावर भांड्याचा साबण जे करतो तेच पित्त करतं. तेलाचे बारीक थेंब करून ते धरून ठेवतं, मग लायपेजला पृष्ठभाग मिळतो. पित्त पित्ताशयात साठतं, घट्ट होतं आणि तेलकट जेवण आलं की पिळून बाहेर येतं. पित्ताशयात खडे असतील तर दुखणं नेमकं याच वेळी सुरू होतं. मटणाच्या किंवा भजीच्या जेवणानंतर अर्ध्या-एक तासात, उजव्या बरगडीखाली, कधी पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जाणारं. जठरात आम्ल वाढलं म्हणून "पित्त झालं" म्हणतात त्या पित्ताशी याचा संबंध नाही. सोनोग्राफीत खडे लगेच दिसतात.

लहान आतडं सहाएक मीटर लांब आणि आतून घड्यांचं. घड्यांवर अर्धा-एक मिलिमीटरचे उंचवटे आणि त्यांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म केसाळ कडा. टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ असं जुन्या पुस्तकांत असे. नव्या मोजणीत सगळ्या पचनमार्गाचं मिळून तीसेक चौरस मीटर भरलं. तेही कमी नाही.

साखर आणि अमिनो आम्लं इथल्या रक्तवाहिन्यांतून थेट यकृताकडे जातात. तेलाचा मोठा भाग मात्र रक्तात लगेच जात नाही. त्याचे बारीक थेंब बांधले जाऊन लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) मानेजवळ रक्तात मिसळतात. जेवणानंतरची साखर तपासताना वेळेचा घोळ नेहमी होतो. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. एकला जेवायला बसलात तर तीनला रक्त द्यायचं, मग जेवण पाऊण तास चाललेलं का असेना.

आणखी काही गोष्टी इथंच ठरतात. शाळूत, मटकीत लोह असतं पण ते आतड्यात सहजी शोषलं जात नाही. वरून लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवण आणि चहा यांत तासभर ठेवावा. हळदीचंही असंच. आमच्या सांगलीच्या बाजारात देशभरची हळद येते-जाते, तिच्या गुणांबद्दल कुणाला काही सांगायला नको. पण तिच्यातलं करक्युमिन रक्तात फार थोडं पोचतं. तेलाच्या फोडणीत आणि मिऱ्याच्या सोबतीनं ते जास्त शोषलं जातं. म्हणजे आमटीतली हळद नुसत्या पाण्यात कालवलेल्या हळदीपेक्षा बरी.

दुधाचं घ्या. लहानपणी दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज भरपूर असतं, मोठेपणी बहुतेकांत ते कमी होतं. मग ग्लासभर दूध प्यायलं की दोन तासांनी पोट गुडगुडतं, फुगतं, कधी पातळ होतं. अशांना दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणातल्या जीवाणूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते. दूध पंधरा दिवस बंद करून बघा आणि पुन्हा सुरू करून बघा. फरक पडला की उत्तर मिळालं.

आता पाण्याबद्दल, कारण इथं जीव वाचतो. तुम्ही पिता ते दोनेक लिटर, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस, आतड्याचा स्राव मिळून सातेक लिटर, असे रोज नऊ लिटरच्या आसपास पाणी आतड्यात येतं. त्यातलं बहुतेक लहान आतडंच परत ओढतं. संडासवाटे जातं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. जुलाबात हा हिशेब उलटतो. पण अनेक जुलाबांत एक दार उघडं राहतं. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि मीठ जोडीनं आत नेणारी वाट असते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं साखरपाणी नको, पाण्यात साखर आणि मीठ दोन्ही प्रमाणात हवं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर हेच द्रावण पाजलं आणि पटकीनं होणारे मृत्यू तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

कृष्णेकाठी पावसाळ्यात हे घरात हवंच, २००५ आणि २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना पुरानंतरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम मिसळा. अर्ध पाकीट ग्लासात असलं काही करू नका, प्रमाण बिघडतं. लहान पाकिटं मिळतात, त्यांच्यावर लिहिलेलं पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ कधीही जास्त नको. चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा. फळांच्या चवीची गोड तयार पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातली साखर जुलाब वाढवू शकते. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी सहा तास नाही, तर दवाखाना.

संध्याकाळी जठर रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. पोटात गुडगुडतं ते बऱ्याचदा हेच. पोटात काही गेलं की ही साफसफाई थांबते. दर तासाला मूठभर भडंग, अर्धा कप चहा, एक बिस्किट असं चालू ठेवणाऱ्याच्या आतड्याला तिला वेळच मिळत नाही. सांगलीत राहून भडंग खाऊ नका म्हणणार नाही. एकदाच बसून खा.

पायरी पाचवी, रात्रीपासून परवा सकाळपर्यंत : मोठं आतडं

रात्री आठ-नऊच्या सुमारास ताटाचं जे उरलं ते, म्हणजे पाणी, भाकरीतले तंतू, वांग्याच्या साली, मटकीतल्या न तुटलेल्या साखरा, उजव्या कुशीत खाली मोठ्या आतड्यात उतरायला लागतं. इथं विकरांचं काम संपतं, जीवाणूंचं सुरू होतं. शरीरात आणि शरीरावर मिळून जवळपास ३८ लाख कोटी जीवाणू असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक या दीड मीटरच्या नळीत राहतात.

कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या साखरा तोडणारं विकर आपल्याकडे नाही. जीवाणूंकडे आहे. ते ती आंबवतात, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींत मिथेन तयार होतो. उसळीचा गॅस हा असा, आणि तो जेवणानंतर बऱ्याच तासांनी सुरू होतो. दुपारी उसळ खाऊन दहा मिनिटांत पोट फुगलं तर त्याचा आळ मटकीवर घेऊ नका. दिवसाला दहा-पंधरा वेळा वारा सरणं हे निरोगी लक्षण आहे. कमी करायचं असेल तर कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणा, नीट शिजवा. मोड आणताना या साखरा बियाणं स्वतःच वापरून टाकतं. हरभरा, राजमा एकदम वाडगाभर खाण्याऐवजी थोडं थोडं वाढवत न्या. याच जीवाणूंनी तंतूंपासून बनवलेली आम्लं मोठ्या आतड्याच्या पेशींचं अन्न असतात, त्यामुळे गॅसला घाबरून उसळ बंद करणं तोट्याचं.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात. मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तरी हवेत. दोन्ही वेळा भाकरी, एक उसळ, पालेभाजी आणि एखादं फळ असेल तर इसबगोलाचा डबा घेऊ नका, मी विकतो तरी सांगतो. तासगावकडचे भिजवलेले बेदाणे मूठभर चालतात, मधुमेह असेल तर साखर मोजून. तंतू वाढवले की पाणीही वाढवा, नाहीतर उलट मलाचा खडा होतो.

जेवलं की जठर ताणलं जातं आणि मोठ्या आतड्याला हलण्याचा संदेश जातो. सकाळी तो सगळ्यात जोरात असतो. "जेवलं की लगेच पळावं लागतं, काही अंगी लागतच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी हेच सांगतो. जे बाहेर पडलं ते आत्ताचं जेवण नाही, काल-परवाचं आहे, आत्ताच्यानं फक्त जागा मागितली. याचाच उपयोग बद्धकोष्ठाला करता येतो. सकाळी काहीतरी कोमट प्या किंवा थोडं खा, मग पंधरा-वीस मिनिटांनी रोज त्याच वेळी बसा. कळ आली की रोखू नका.

खेड्यांतल्या मावश्या सांगतात, "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ हुईत न्हाय." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन आतड्याला चाळवतं खरं, पण पहाटेचा चहा आणि ठरलेली वेळ यांचा वाटाही त्यात असतोच. मिश्री हळूहळू कमी करत सोडली, चहा आणि वेळ तीच ठेवली, तर पहिले काही दिवस जड जातात आणि पोट आपलं आपण मार्गी लागतं. तोंडाच्या कर्करोगाच्या बदल्यात पोट साफ करून घेण्यासारखं त्यात काही नाही.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की गुदाशयाभोवतीचा स्नायू ढिला होऊन मार्ग सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट घ्या आणि थोडं पुढं वाका. मोबाइल बाहेर ठेवा. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात कुठेही तुमची सवय असेल आणि जोर लावावा लागत नसेल तर ती ठीक आहे. रोज एकदा झालंच पाहिजे असा कायदा नाही. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मलाचे सात प्रकार सांगणारा तक्ता प्रसिद्ध केला. सुट्या गाठींपासून निव्वळ पाण्यापर्यंत. मधले तिसरा-चौथा, म्हणजे सलग आणि मऊ, हे चांगले.

तुमच्या पोटाचा एकूण वेग मोजायचा असेल तर मक्याचं कणीस खा, वेळ लिहून ठेवा. दाण्याची साल पचत नाही, ती दिसली की तो वेळ. बहुतेकांना एक ते तीन दिवस लागतात. बिटानंही करता येतं, पण लाल रंग पाहून घरच्यांनी रक्त समजून धावपळ करू नये म्हणून आधी सांगून ठेवा.

घड्याळ लावून तक्रार वाचताना

विषबाधेचा आळ नेहमी शेवटच्या जेवणावर येतो. जत्रेत जेवला, घरी येऊन उलट्या झाल्या, म्हणजे जत्रेतलंच. असेलही. अन्नात जंतूंनी आधीच विष तयार केलं असेल तर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या होतात. साल्मोनेलासारख्या जंतूंना आत वाढायला सहा तासांपासून सहा दिवसही लागतात. तेव्हा कार्यमालकाशी भांडण्याआधी मागच्या तीन-चार दिवसांचं खाणं आठवा.

जेवणानंतर लगेच आणि आडवं झाल्यावर छातीत जळणं बहुधा आम्ल वर येण्याचं. रिकाम्या पोटी, मध्यरात्री दुखून खाल्ल्यावर थांबणं अल्सरकडे बोट दाखवतं. बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, चालताना-खोकताना वाढलं, तर अपेंडिक्स धरून चाला. अशा वेळी पोट साफ व्हायची गोळी घेऊ नका, सरळ सर्जनकडे.

आणि एक गोष्ट घड्याळात बसत नाही. चाळिशीपुढचा माणूस, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम, श्वास अपुरा, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ, चालल्यावर वाढतंय. हा "गॅस" म्हणून काउंटरवर येतो तेव्हा मी गोळी देत नाही. १०८ ला फोन किंवा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय. मिरजेला कर्नाटकातून लोक उपचाराला येतात, आपल्याला तर दहा किलोमीटरही नाही. मधुमेह्यांत आणि बायकांत ही लक्षणं याहून पुसट असतात.

शौचात रक्त, डांबरासारखा काळा मल, कारणाशिवाय उतरणारं वजन, पिवळे डोळे, रोजची उलटी, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतलं काही असलं तर डॉक्टरांकडे जा. जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या : शेवटचं जेवण किती वाजता आणि काय, त्रास किती वाजता, बोटानं दाखवता येईल अशी नेमकी जागा, आणि मलाचा रंग. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. त्यात अंगदुखीची ती पांढरी गोळीसुद्धा, जिचं नाव घरात कुणालाच आठवत नाही.